काहिलीतला समुद्र

तांबोळी मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गुळाच्या काहिलीत उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, कोट आंब्याच्या फांदीला टांगलेला, डोक्यावर गोंड्याची टोपी मात्र जागच्या जागी. घोटाभर पाण्यात उभं राहून ते हातवारे करत ओरडत होते, "लाट! अरे, लाट कुठाय? फळी तिरकी धरा रं, तिरकी!" भोवती अख्खा वर्ग वाकून उभा होता आणि दोन दांडगी पोरं एक लांब फळी पाण्यात मागेपुढे ढकलत होती. मी त्याच सकाळी साताऱ्याहून मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. हेडमास्तर परगावी गेलेले. शिपाई म्हणाला, "भूगोलाच्या तांबोळी मास्तरांस्नी भेटा. ते मळ्यात समिंदर करत्यात." शिपायाच्या डोक्यात काहीतरी बिघाड असावा असं समजून मी ट्रंक शाळेच्या पडवीत ठेवली आणि मळ्याची वाट धरली.

मला पाहून मास्तरांनी नमस्कारसुद्धा केला नाही. "नवे मराठीचे मास्तर न्हवं? या, या. वहाणा काढा आणि ती फळी धरा. ही पोरं भाकरी खाऊन आलेली दिसत न्हाईत, लाट कमी पडतीया." मी परीटघडीच्या धोतरात होतो. नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर फळी हातात आली होती. कृष्णेच्या काठी, समुद्रापासून घाट-डोंगरांपलीकडे, मी आयुष्यातली पहिली लाट उठवली ती अशी. धोतर पुढे कधी पूर्वीसारखं पांढरं झालं नाही.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, पण कढई म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हे. एखादं लहान कुटुंब आत बसून जेवेल एवढी ती ऐसपैस, बुडाला सपाट आणि कडांना पसरट. दिवाळीनंतर तिच्याखाली जाळ लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत तिला उसंत नसते. पावसाळाभर मात्र ती मळ्यात रिकामी पडून असते. आमच्या गावात ऊस पिकवणाऱ्या हौसाकाकी आपली काहील तेवढ्या दिवसांपुरती मास्तरांना देत. देताना एक टोमणा ठरलेला. "मास्तर, आमच्या काहिलीत समिंदर घालतायसा. उद्या गूळ खारट झाला तर पेठेत कोण घील?" त्यावर मास्तर म्हणायचे, "काकी, तुमच्या हातचा गूळ समुद्रात टाकला तर समुद्र गोड हुईल." काकी पदराने तोंड झाकून हसायच्या आणि काहील मिळायची.

काहिलीच्या एका अंगाला मास्तर नदीच्या वाळूची पुळण घालत. दुसऱ्या अंगाला चिकणमाती आणि मुरूम कालवून उभा केलेला कडा. लाटा बसू लागल्या की कड्याच्या पायाशी आधी खाच पडे, खाच आत आत जाऊन गुहा होई, आणि मग वरचं छप्पर धप्पकन खाली बसे. ते बसलं की पोरं कुस्ती जिंकल्यासारखी ओरडत. पण मास्तरांचा जीव वाळूत. पुळणीच्या एका टोकाला ते मूठभर लाल गुंजा पेरत. फळीची लाट तिरकी येई, गुंजांना थोडं वर नेई, आणि पाणी उताराने सरळ खाली परते. पुन्हा तिरकी, पुन्हा सरळ. असं करत करत गुंजा नागमोडी चालीने दुसऱ्या टोकाकडे सरकत. तिथे खाडीसाठी सोडलेल्या तोंडावर वाळूचा एक दांडा हळूहळू पुढे येई आणि गुंजा त्या दांड्यावर जाऊन बसत. मग मास्तर फळी थांबवत आणि एकेका पोराकडे बघत म्हणत, "लाट नेती, तशी आणून टाकती बी. पण ध्यानात ठेवा गड्यांनो, जिथनं नेलं तिथं आणत न्हाई."

हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल सांगता येणार नाही. त्याला जोडून आणखी एक होतं, ते वर्गासाठी नसे, शिक्षकांच्या खोलीसाठी असे. "लाट तिरकी येती नि सरळ जाती. माणसं सरळ येत्यात नि तिरकी जात्यात." हेडमास्तर ते ऐकून चष्मा पुसायला घेत.

राहायला मला मास्तरांच्याच घरातली पुढची खोली मिळाली. मास्तर एकटे. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. घरात जिकडे तिकडे वाळू. डब्यात वाळू, मडक्यात वाळू, खाटेखाली गोटे. कुठली वाळू कुठल्या ओढ्याची हे त्यांना बोटांनी कळे. मला मात्र ती फक्त अंथरुणात कळे, आणि त्यावरून आमची भांडणं होत. पहिल्याच संध्याकाळी मी वैतागून विचारलं, "मास्तर, तुम्ही मूळचे कोकणातले का?"

"मी? आवं, आमच्या पाच पिढ्या पानं विकत आल्या. बा पलूसच्या बाजारात पानाची करंडी घेऊन बसायचा. सांगलीला शिकायला गेलो तेबी ह्या गाडीतनं त्या गाडीत, पानांच्या डालग्यावर बसून."

"मग समुद्र कुठे पाहिलात?"

"न्हाई पाहिला," मास्तर म्हणाले आणि कंदिलाची काच पुसू लागले.

मी थक्क झालो. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. कुंभार्ली घाट उतरला की कोकण. सुट्ट्या पडतात, मोटारी जातात. एवढी वर्षं समुद्र शिकवणाऱ्या माणसाला तो एकदा जाऊन पाहावासा वाटू नये? पुढे एकदा मी खूपच खोदलं तेव्हा मास्तर म्हणाले, "कविराज," मराठी शिकवतो म्हणून ते मला कविराज म्हणत, "समजा गेलो, आणि काहिलीत दाखवतोय तसं तिथं काहीच नसलं तर? परत येऊन पोरांना कुठलं तोंड दाखवू?" यावर मी हसलो. ते हसले नाहीत.

एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनीही हाच प्रश्न विचारला. साहेब मळ्यात खुर्ची टाकून बसले होते. मास्तर म्हणाले, "न्हाई पाहिला, साहेब. म्हणून तर करून बघतोय." साहेबांनी भुवया चढवल्या. पण गुंजा चालू लागल्या तसे ते खुर्चीतून उठले, वाकले, आणि थोड्या वेळाने बघतो तर बूट काढून फळी धरलेली. पॅन्ट भिजली, वर काहिलीचं काजळ लागलं. जाताना म्हणाले, "आमच्या वेळी भूगोल म्हणजे नावं पाठ करायची." शेरा काय लिहिला कुणास ठाऊक, पण पुढच्या पावसाळ्यात फळी नवी आली.

आता हौसाकाकींच्या थोरल्या मुलाबद्दल सांगायला हवं. मारुती. मास्तरांचा लाडका विद्यार्थी. मी आलो त्या दिवशी फळी ढकलणाऱ्या दोघांतला एक तोच. अभ्यासात बेताचा, पण काहिलीजवळ आला की त्याचे डोळे वेगळे होत. फळी किती तिरकी धरली की दांडा किती लांब येतो हे त्याने आपल्या आपण शोधून काढलं होतं आणि मास्तर ते वर्गाला त्याच्या नावानिशी सांगत. मग जर्मनीशी दुसरी लढाई पेटली, गावोगाव रिक्रूटवाले फिरू लागले. आमच्या भागातली पोरं पलटणीत जात, बापजाद्यांची वाटच ती. मारुती मात्र म्हणाला, "मी नेव्हीत जाणार. मास्तरांच्या काहिलीतला समिंदर खरा हाय का ते बघून येतो." जाताना पाया पडायला आला तेव्हा मास्तरांनी त्याच्या हातात चार गुंजा ठेवल्या. दोघंही हसत होते.

लढाई संपायच्या थोडं आधी तार आली. बोट बुडाली, मारुती बेपत्ता. तार वाचायला हौसाकाकींनी मास्तरांनाच बोलावलं. मी बरोबर होतो. मास्तरांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली, आणि जोत्यावर खाली बसले. काकी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "बेपत्ता म्हंजी गेला न्हवं. पत्ता लागंना, एवढंच की."

त्यानंतर काकींनी जे धरलं ते धरलं. ना दहावा, ना तेरावा. मारुतीचं ताट रोज वाढलं जाई आणि मग कुणीतरी मुकाट्याने गाईला घाली. धाकट्या शंकरचं लग्न ठरलेलं होतं, मुलगी शेजारच्याच गावची. काकी म्हणत, "थोरला आल्याबिगर धाकल्याच्या डोईवर अक्षता पडायच्या न्हाईत." मुलीकडच्यांनी एक सुगी वाट पाहिली, दुसरी पाहिली. मग मुलीचा बाप येऊन शंकरला बाजूला घेऊन म्हणाला, "आमी तरी किती थांबायचं, सांगा." शंकर भला माणूस, आईपुढे शब्द काढीना. तो एका सकाळी मास्तरांकडे आला. दारात उभा राहून नुसता टोपी चुरगाळत राहिला.

मास्तर काकींकडे गेले. मीही गेलो. मास्तर समजूत घालायला लागले तशा काकी एकदम उसळल्या. "मला काय शिकिवताय, मास्तर? तुमीच शिकिवलंय न्हवं? माझा मारुती काहिलीपासनं घरला आला की मला सांगायचा. आय, मास्तर म्हणत्यात, लाट नेती तशी आणून टाकती बी. समिंदर कुणाचं ठेवून घेत न्हाई. मग माझं कवा आणून टाकतोय, तेवढं सांगा."

मास्तरांचं तोंड उतरलं. मारुतीने आईला अर्धंच वाक्य सांगितलं होतं. उरलेलं अर्धं बोलायला ते ओठ उघडत आणि मिटत. काकी म्हणाल्या, "काहिलीतलं नगं. मला खरा दाखवा. त्येलाच इचारते."

घरी आल्यावर मी म्हणालो, "म्हातारीच्या नादी लागू नका. तिथे जाऊन काय होणार?" मास्तरांनी पायातले पंपशू काढले. मग म्हणाले, "पोरगं माझ्या काहिलीनं नेलं, कविराज. आयला न्यायला नगं?" तेव्हा मला कळलं की तार आल्यापासून हा माणूस झोपलेला नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो. शंकरचं गुऱ्हाळ पेटलेलं, तो येऊ शकत नव्हता. कऱ्हाडाहून कोकणात उतरणारी मोटार मिळाली, कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ आला की ड्रायव्हर हाक मारी आणि उतारू उतरून मागून ढकलत. काकी मांडीवर एक गाठोडं धरून खिडकीशी बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "द्या काकी, वर ठेवतो." काकींनी गाठोडं आणखी घट्ट धरलं. थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाल्या, "मारुतीची घोंगडी हाय. पाण्यातनं आलं की गारठतंय माणूस." मी बाहेर बघू लागलो.

चिपळुणास मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे गेलो, एका लहानशा कोळीवस्तीपाशी उतरलो. माडांमधून वाट होती. आधी आवाज आला. मास्तर थबकले, म्हणाले, "ऐका." मग वाट संपली आणि समोर सगळं उघडं झालं. लांबच लांब पुळण, दूर उजवीकडे खाडीचं तोंड, डाव्या हाताला काळा कडा. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. इतक्या वर्षांत ती त्यांच्या डोक्यावरून उतरलेली मी पाहिली नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. कड्याच्या पायाशी खाच होती, खाचेच्या पुढे गुहा. लाटा डावीकडून तिरक्या येत होत्या. "तिरक्या," मास्तर पुटपुटले. "कविराज, तिरक्या येत्यात." लहान मुलासारखा त्यांनी माझा दंड धरला होता.

"ह्योच व्हय?" काकींनी विचारलं.

"ह्योच, काकी."

काकींनी पाण्याला हात जोडले. मग त्या पाण्याच्या अगदी कडेला गेल्या, वहाणा काढल्या, गाठोडं वाळूवर ठेवलं आणि पाय धुतले. मास्तरांनीही पंपशू तिथेच काढले, मीही वहाणा तिथेच ठेवल्या. कृष्णाकाठी आम्ही जन्मभर हेच करत आलो. घाटावर पायताण ठेवावं, पाण्यात उतरावं, वर येऊन पायताण घालावं. नदी कधी कुणाच्या वहाणेजवळ चालत आली नाही. मग आम्ही माडाच्या सावलीत जाऊन बसलो. काकी पाण्याकडे बघत होत्या. मनातल्या मनात काय विचारत होत्या ते विचारायचा माझा धीर झाला नाही. मास्तर एकेक गोष्ट बोटाने दाखवत होते, ही पुळण, तो कडा, तिकडे तो दांडा असणार. मी भाकरीचं फडकं सोडलं. मग वर पाहिलं, तर पुळणीचा ओला पट्टा नाहीसा झालेला आणि जिथे आमचे जोडे होते तिथे गुडघाभर पाणी.

"भरती!" मास्तर ओरडले आणि धावत सुटले. भरती-ओहोटी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवणारा हा माणूस, चंद्र, सूर्य, बाण, सगळं. आणि स्वतःचे जोडे ओहोटीच्या पाण्याशी ठेवून बसला होता. कमरेइतक्या पाण्यात जाऊन त्यांच्या हाती एक पंपशू लागला. गाठोडं गेलं होतं.

काकी पाण्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. मास्तर भिजून चिंब परत आले, एका हातात एक जोडा. कपाळावर हात मारून म्हणाले, "काहिलीत भरती येत न्हाई, काकी. माझ्या ध्यानातच आलं न्हाई." मग वळून लाटांकडे पाहिलं, वाळूकडे पाहिलं, आणि एकदम म्हणाले, "चला. उजवीकडं."

"कुठं?"

"दांड्यावर. न्यायचं तिकडंच नेणार ते."

अनवाणी आम्ही तिघं पुळणीवरून चालू लागलो. मास्तर पुढे, डोळे पाण्यावर. मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. गाठोडं तिथे नसलं तर काकींना ते काय सांगणार होते, आणि स्वतःला काय? खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आणि तिथे खरोखरच दांडा होता. वाळूची लांब जीभ खाडीच्या तोंडावर आडवी आलेली, काहिलीत येई तशी. तिच्या काठावर समुद्राने आणून टाकलेल्या वस्तूंची रांग. नारळाची सोडणं, जाळ्याचे लाकडी तरंगे, कुठल्याशा होडीचं फळकूट, कुणाची कोण जाणे एक लहान मुलाची वहाण. मास्तर थोडे पुढे गेले आणि वाकले. काकींचं गाठोडं वाळूत अर्धं रुतून पडलं होतं.

दांड्यावर एक म्हातारा कोळी जाळं झटकत होता. आमची लगबग पाहून जवळ आला. मास्तरांनी झालेलं सांगितलं तसा तो हसला. "इथंच लागतंय सगळं. तिकडलं इकडं, आमचं पुढच्या गावाला." मग त्याने सहज माडांच्या बाजूला हात केला. "लढाईच्या वक्ताला मानूसबी लागला होता. कुनाचा, कुठला, काय ठावं नाय. आमी गाववाल्यांनी पुरला. कुनाचा तरी असंलच की."

वर भरती पोचत नव्हती तिथे वाळूचा एक उंचवटा होता, भोवती काळे दगड लावलेले. काकी तिकडे चालू लागल्या. चालता चालता म्हणाल्या, "उंच व्हता?"

"पान्यात ऱ्हायलेल्या मानसाचं काय वळखनार, आये?" म्हातारा म्हणाला.

काकी त्या उंचवट्याशी उभ्या राहिल्या आणि मास्तरांकडे वळल्या. तोंडाने काहीच विचारलं नाही. पण प्रश्न सरळ होता, आणि त्याचं उत्तरही हाताशी होतं. मी मास्तरांचा कोपर दाबला. हो म्हणा. एवढं म्हणा की संपलं. म्हातारीला जागा मिळेल, शंकरचं लग्न होईल, आणि तुमच्या उरावरचा दगड उतरेल. मास्तरांना माझं म्हणणं कळलं होतं. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"काकी," ते म्हणाले, "ह्यो आपला मारुती न्हवं. त्याची बोट लय लांब बुडाली. इथवर यायचा न्हाई तो." त्यांनी हातातला जोडा खाली ठेवला. "मारुतीनं तुमाला माझं अर्धंच सांगितलं. लाट नेती, आणून टाकती बी. पण जिथनं नेलं तिथं आणत न्हाई, काकी. कदीच न्हाई."

मला त्या क्षणी मास्तरांचा भयंकर राग आला. काकी मटकन खाली बसल्या. मग त्या दगडांवरून हात फिरवत, स्वतःशीच बोलावं तशा म्हणाल्या, "म्हंजी ह्येची आय बी कुठं तरी दाराकडं बघत बसली असंल."

आणि मग त्या रडल्या. तार आल्यापासून पहिल्यांदा. मास्तर त्यांच्याजवळ वाळूत बसले. कोळी टोपरं काढून लांब उभा राहिला.

रडणं ओसरल्यावर काकींनी गाठोडं सोडलं. घोंगडी ओली, वाळूने जड झालेली. त्यांनी ती पिळली, झटकली आणि त्या उंचवट्यावर पसरली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, मूल झोपल्यावर पांघरूण सारखं करावं तसं केलं. "घे बाबा," म्हणाल्या. "माझ्या लेकराला बी कुणी तरी घातलं असंल." उठताना त्यांनी तिथली मूठभर वाळू पदरात बांधली. मास्तरांनी ते पाहिलं.

परतीच्या मोटारीत घाट चढताना काकी मास्तरांना म्हणाल्या, "शंकरच्या सासऱ्याला सांगावा धाडा. माघातली तिथ बघा." आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या. मास्तर मला हळूच म्हणाले, "खोटं सांगितलं असतं ना कविराज, तर ही बाई दरवर्षी त्या थडग्यावर आली असती, आणि दरवर्षी शंका घेऊन परत गेली असती." त्यांचं बरोबर होतं.

माघात लग्न झालं. वर्गात त्या वर्षी मास्तरांनी काहिलीशेजारी आपला उरलेला एक पंपशू मांडून ठेवला. "पोरांनो, काहिलीत सगळं दिसतं, भरती दिसत न्हाई. ती मला जोडा गेला तवा दिसली," असं म्हणून सगळी गोष्ट सांगत. जोड्याची. घोंगडीची नाही. पोरं पोट धरून हसत. तेव्हापासून मास्तर स्वतःला "समुद्र पाहिलेला माणूस" म्हणवून घेत आणि मी भुवया चढवल्या की म्हणत, "एकदाच पाहिला. पण लय वर्सं ओळख होती."

त्यांना फार काळ मिळाला नाही. स्वातंत्र्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात विषमज्वराने ते गेले. तापाच्या भरात ते मला म्हणत होते, "फळी तिरकी धरा," आणि मी रिकाम्या हातांनी हवेत फळी धरत होतो. एवढा हट्टी, एवढा खरा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. त्याच्या वाळूवरून भांडायला आता कुणी नव्हतं.

जनाजा निघाला तेव्हा अर्धं गाव वाटेवर होतं, टोपीवाले, पागोट्यावाले, सगळे. बायका कबरस्तानात येत नाहीत. ओढ्याच्या वळणावर हौसाकाकी उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारून बाजूला घेतलं, पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर वाळू ओतली. "माझ्या मारुतीला मूठमाती कुणी दिली, मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "ही त्या दांड्यावरची हाय, जपलेली. माझ्या हातची म्हणून मास्तरांस्नी घाला."

माझी पाळी आली तेव्हा मी मूठ उघडली. कृष्णाकाठच्या काळ्या मातीवर ती वाळू निराळी दिसत होती. मग मागच्या माणसाने माती टाकली आणि ती दिसेनाशी झाली.

परत येताना काकी अजून तिथेच उभ्या होत्या.

"घातली?"

"घातली, काकी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लय लांबनं आलीती."